गोळी: औषध की स्वादिम?



'गोळी' हा शब्द फार सोशिक आहे. मुलं चोखतात ती लिमलेटची गोळी, तापावर घेतो ती गोळी, आणि आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याचं केंद्र असल्यामुळे बंदुकीची गोळीही सगळ्यांच्या ओळखीची. 'गोल' वरून आलेला हा शब्द फक्त आकार सांगतो. आत काय आहे आणि ती कशासाठी घ्यायची, याबद्दल तो गप्प असतो. माझं म्हणणं असं की त्या गप्प राहण्याचा फायदा आपण व्रतात घेतो.

चोखायच्या औषधी गोळीला आयुर्वेदात वटी किंवा गुटिका म्हणतात. घसा आणि तोंडासाठीची खदिरादि वटी प्रसिद्ध आहे. खदिर म्हणजे खैर. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून कात तयार होतो. कोकणात हा जुना धंदा आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात काताची स्वतंत्र चर्चा आहे. दक्षिणेतल्या भाषांत काताला असलेला 'काच्चु' सारखा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, आणि पुढे फ्रेंच व इंग्रजीत त्याचा 'काशू' झाला. तिथे काशू म्हणजे तोंडाला सुवास यावा म्हणून चघळायची बारीक गोळी. म्हणजे झाडाच्या गाभ्यातलं औषध प्रवास करता करता चवीची वस्तू झालं. नाव मात्र तेच राहिलं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पाहा. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावचा साखर उद्योग सुरू केला. पुढे तिथल्या गोळ्या घरोघरी गेल्या. त्यातली 'पान पसंद' आठवते ना? विड्याची चव, पण विडा नाही!

आपल्या धर्मात मात्र आकाराला विचारतच नाहीत. आहाराचे चार प्रकार: अशन, पान, खादिम आणि स्वादिम. सुपारी, वेलची, लवंग, सुंठ हे स्वादिम. दुविहारात पाणी आणि स्वादिम चालतं, तिविहारात फक्त पाणी, चौविहारात काहीच नाही. या चारांच्या बाहेर 'अणाहारी' वस्तू आहेत: कडुनिंब, काडेचिराईत वगैरे. त्या कडू आहेत, कुणी आवडीने खात नाही, म्हणून त्या आहारात धरल्या नाहीत. कसोटी किती नेमकी आहे! वस्तू केवढी आहे हा प्रश्नच नाही. जीभ ती मागते का, हा प्रश्न आहे.

आता सूर्यास्तानंतरचं चित्र पाहू. चौविहार घेतलेला, आणि घसा खवखवला की साखरेची, आलं-मधाची गोळी तोंडात. विचारलं तर उत्तर तयार: "अगं, औषधाची गोळी आहे!" मी वाणिज्य शाखेची. एक रक्कम चुकीच्या खात्यात गेली तरी पुढचा सगळा हिशेब फसतो. गोड गोळी औषधाच्या खात्यात टाकली की व्रताचंही तसंच होतं.

मधाबद्दलही सांगते. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. पण आपल्या देशाच्या नियमात मध आणि लाख या वस्तू मांसाहारी धरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या असल्या तरी ठिपका हिरवाच राहतो. आपल्याला मध वर्ज्य आहे. म्हणून ठिपक्यावर न थांबता मागचे बारीक अक्षरातले घटक वाचावेत.

आजारी माणसाने औषध टाळावं असं मी मुळीच म्हणत नाही. पच्चक्खाणातच असह्य आजारासाठी आगार ठेवलेला आहे, आणि नेहमीची औषधं असलेल्यांनी महाराज साहेबांना विचारून आपल्याला झेपेल तेच पच्चक्खाण घ्यावं. तिविहार झेपत नसेल तर दुविहार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त जे तोंडात आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. घरात नातवंडांसमोरही औषधाला औषध आणि खाऊला खाऊच म्हणावं. औषधाला 'चॉकलेट' म्हणून फसवलेलं मूल उद्या त्या डब्याकडे स्वतःच हात नेईल.