तळ कुणी खोदायचा?

'सिटीज : स्कायलाइन्स' २०१५ मध्ये आला. तेव्हापासून तुम्ही किती शहरं वसवलीत आणि त्यातली किती ट्रॅफिकमध्ये अडकवून सोडून दिलीत, ते तुमचं तुम्हाला माहीत. पण याच गेममध्ये मॅप एडिटरही आहे. तो किती जणांनी उघडलाय? स्टीम वर्कशॉपवर आयते नकाशे ढिगाने मिळतात, मग कोण कशाला डोकं लावतंय! तरी आमचं म्हणणं असं, की एकदा आपल्या भागातली जमीन स्वतः घडवून बघाच.

लागतं फक्त एक करड्या रंगाचं चित्र, १०८१ बाय १०८१ पिक्सेलचं. पिक्सेल जितका उजळ, तितकी जमीन उंच. एक पिक्सेल म्हणजे १६ मीटर; अख्खा नकाशा सव्वासतरा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. फाइल मात्र १६ बिटचीच हवी. ८ बिटमध्ये उंचीच्या २५६च पायऱ्या मिळतात. गेमच्या १०२४ मीटरांत त्या वाटल्या की एकेक पायरी ४ मीटरची होते आणि सह्याद्रीचा उतार भातखाचरांसारखा दिसायला लागतो.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने बहुतेक पृथ्वी मोजली. ही माहिती ३० मीटरच्या अंतराने असते, त्यामुळे कडे थोडे बोथट होतात. तेवढं चालवून घ्या.

खरी गंमत पाण्यापाशी सुरू होते. समजा, तुम्ही मुळशी घेतलंत. डोंगर झकास येतात, पण तलावाच्या जागी दिसतं ताटासारखं सपाट मैदान. रडार पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरलं होतं ना! गेमला ती जमीनच वाटते. म्हणजे तळ तुम्हालाच ब्रशने खोदावा लागणार. पण किती खोल? आणि मुळा नदी नेमकी कुठून वाहायची?

बरेच जण इथे सगळं सरसकट वीसेक मीटर खाली दाबतात, पाणी सोडतात आणि मोकळे होतात. गेम चालतो, तक्रार कुणी करत नाही. पण तो मुळशीचा नकाशा म्हणायचा का? आम्ही नाही म्हणणार. त्यासाठी धरणाआधीचा नकाशा शोधायला हवा, आणि तो शोधायला लागलात की पाण्याखालची गावं भेटतात, त्यांची भातशेती भेटते. ती वाचवायला मुळशी पेट्यातले शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले होते; सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण टाटांच्या विजेसाठी होतं. हे पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं. नकाशाची पश्चिम कड कुठे कापायची, हे ठरवताना तेही लक्षात घ्यावं लागतं.

कोयना घेतलंत तरी हेच, उजनी घेतलंत तरी हेच. उजनीवाल्यांना निदान उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसतं, तेवढा एक बिंदू पक्का करता येतो. बाकीच्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं: वाडा कुठे होता, ओढा कुणीकडून यायचा, पावसात कुठवर चढायचा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

आणि नकाशा अपलोड कराल, तेव्हा वर्णनाच्या चौकटीत बुडालेल्या गावांची नावंही टाका. तिथे जागा भरपूर असते.