एकाशन माझं, उपाशी मात्र ती



दशलक्षण पर्वातला दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. मान सोडायचा, नम्र व्हायचं. यंदा नेमकं त्याच दिवशी मला अकोल्याहून अमरावतीला विद्यापीठात जावं लागलं. लेक पुण्यात, आणि नोकरीसाठी तिला पदवीचे कागद तातडीने हवे होते. माझं एकाशन होतं. सकाळी मंदिरात जाऊन आले, शुद्धीचा डबा सोबत घेतला. दुपारी सावली बघून एका बैठकीला जेवू, असा बेत.

बडनेऱ्याला उतरले आणि डबा गाडीतच राहिला. गाडी गेली नागपूरकडे. विद्यापीठात पोहोचले तर लेकीचा फोटो घरीच विसरलेला. तिने मोबाइलवर पाठवला, तो छापायला बाहेर गेले तर झेरॉक्सच्या दुकानात लाइट नाही. लाइट येईपर्यंत थांबले, परतताना चपलेचा अंगठा तुटला. पाऊस उघडल्यावरचं भाद्रपदातलं ऊन कसं असतं, हे वऱ्हाडातल्या बायकांना काय सांगायचं!

खिडकीशी आले तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. आतली मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. कागद पाहून म्हणाली, "काकू, शेवटच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेची प्रत नाही यात."

"आत्ताच दिली तुला. तूच हरवली!" माझा आवाज चढला. रांगेतली पोरं बघायला लागली. ती उलट बोलली नाही. टेबलावरचे गठ्ठे उपसले, खाली वाकून शोधलं. तिची सुट्टी त्यातच संपली.

प्रत माझ्याच पिशवीत होती. घडी पडू नये म्हणून पूजेच्या पुस्तकात मीच ठेवलेली.

मी ती पुढे केली तर म्हणाली, "होते काकू. उन्हातून आल्या तुम्ही, पाणी घ्या." पाणी मला चालत नव्हतं. पण तिच्या खुर्चीशेजारी तिचा न उघडलेला डबा दिसला आणि मान खाली गेली. क्षमावाणीची वाट न पाहता तिथेच हात जोडले.

आपण तपाचा हिशेब फार चोख ठेवतो. उपवास किती, एकाशनं किती, सूर्यास्ताआधी उरकलं की नाही. त्या दिवशी कोणाकोणावर ओरडलो, ते मात्र कोणी मोजत नाही. "उपवास आहे ना तिचा, चिडणारच," म्हणून घरचेही सोडून देतात. ही सवलत आपणच बंद करावी, असं माझं मत आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय कमी व्हावेत म्हणून तप. अन्न सोडलं आणि कषाय वाढले, तर ते नुसतं लंघन. माझ्या एकाशनापायी दुसरीचं जेवण बुडालं, तर त्यात अहिंसा कुठे राहिली?

सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' सांगितलं आहे, म्हणजे तप आपल्या शक्तीप्रमाणे. शक्ती फक्त पोटाची मोजू नये, जिभेचीही मोजावी. मी आता एकाशनाच्या दिवशी कचेरीची कामं ठेवत नाही. ठेवावीच लागली तर एकाशन दुसऱ्या दिवशी करते, आणि त्या दिवसापुरता एकच नियम घेते: आवाज चढवायचा नाही. करून बघा, उपवासापेक्षा जड जातो.