'नास्तिक' हा शब्द कोणाचा?

गणपती जवळ आले की वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन पोरे दारात येतात. "आम्ही गणपती मानत नाही," असे घरातल्या मुलाने सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "नास्तिक आहात का?" कॉलेजात जाणारा मुलगा छाती पुढे काढून 'हो' म्हणतो. आतून आजीचा आवाज येतो, "नास्तिक कशाला? बौद्ध आहोत आम्ही, बौद्ध!" आमच्या वस्त्यांतून हा प्रसंग दरवर्षी घडतो आणि पोरे निघून गेल्यावर घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, दोन्ही एकच. आजी म्हणते, नाही. आमच्या मते आजीचे म्हणणे बरोबर आहे. ते का बरोबर आहे, हे मात्र तिला कोणी समजावून सांगितलेले नाही आणि मुलालाही नाही.

देव मानतो तो आस्तिक आणि मानत नाही तो नास्तिक, हा अर्थ आज शाळेतली पोरेही सांगतात. पण हे शब्द ज्यांनी घडवले त्यांच्या लेखी तो अर्थ नव्हताच. पाणिनीच्या अष्टाध्यायीत हे दोन्ही शब्द सिद्ध करणारे सूत्र आहे. त्यात देव नाही आणि वेदही नाही. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, एवढेच. काय आहे आणि काय नाही, ते पुढच्या टीकाकारांनी सांगितले : परलोक. (त्याच सूत्रातून 'दैष्टिक' म्हणजे दैवावर हवाला ठेवणारा, हा तिसरा शब्दही निघतो. तो कोणी शिवी म्हणून वापरल्याचे आमच्या ऐकण्यात नाही!)

शब्दाला धार आली ती मनूच्या हातात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्टच आहे की, जो द्विज तर्कशास्त्राच्या आधाराने श्रुती आणि स्मृती यांचा अवमान करील त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे. तो नास्तिक, तो वेदनिंदक. म्हणजे गुन्हा कोणता? देव नाकारणे नव्हे, तर तर्क चालवून ग्रंथाची सत्ता नाकारणे. ज्या ग्रंथाने ही व्याख्या केली, तो बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळला गेला. मनूच्या व्याख्येने पाहिले तर त्या दिवशी महाडला जमलेला सगळा समुदाय नास्तिक ठरतो, मग त्यातले कितीही लोक घरी खंडोबाला भंडारा वाहणारे असोत.

या व्याख्येची गंमत पुढे आहे. सांख्यदर्शनाच्या कारिकांत जगाचा कर्ता ईश्वर नाही. कारिका लिहिणाऱ्याचे नाव मात्र ईश्वरकृष्ण! पूर्वमीमांसेचा कुमारिल भट्ट तर सृष्टीकर्ता ईश्वर असूच शकत नाही, असे युक्तिवाद करतो. तरीही सांख्य आणि मीमांसा या दोघांची गणना आस्तिक दर्शनांत होते. का? कारण त्यांनी वेदाला हात लावला नाही. आणि वेद नाकारणारे बौद्ध, जैन, चार्वाक हे नास्तिक. आता महात्मा फुले यांच्याकडे पाहा. 24 सप्टेंबर 1873 ला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सर्वांचा एक निर्मिक आहे, असे ते अखेरपर्यंत मानत होते. परंतु वेद आणि भटांची मध्यस्थी त्यांनी झुगारली. कर्ता नाकारणारा कुमारिल आस्तिक आणि कर्ता मानणारे जोतीराव नास्तिक, असा हा हिशेब आहे. यात देवाचा संबंध किती आणि सत्तेचा किती, हे वाचकांनीच पाहावे.

देव मानल्याने माणूस आत घेतला जात होता, असेही नाही. चोखोबांइतका विठ्ठलाला मानणारा कोण होता? त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. 2 मार्च 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला उभे राहिलेले आमचे बाप-आजे रामाचे दर्शन मागत होते. त्यांना कोणी आस्तिक म्हणून दार उघडले नाही.

शब्द कसे नासवले जातात, याचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ पंथ, संप्रदाय; आपला काय आणि दुसऱ्याचा काय, सर्व पासंडांचा मान राखावा, असे सम्राट सांगतो. त्याच शब्दाचे पुढे 'पाखंड' झाले आणि पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा. खुद्द सम्राटाची पदवी 'देवानांप्रिय'. संस्कृत वैयाकरणांनी तिचाही अर्थ 'मूर्ख' असा करून ठेवला. ज्याच्या आज्ञा आपल्या सोपाऱ्यापर्यंत दगडावर कोरल्या गेल्या, त्याच्या पदवीचे हे झाले. तेव्हा 'नास्तिक' हा शब्द कोणाच्या टांकसाळीतला, हे विचारल्याशिवाय तो छातीवर लावून मिरवू नये.

यावर आमचा तरुण मित्र म्हणेल, "मनू ज्याला नास्तिक म्हणतो, तो मी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे." ठीक आहे. त्या अर्थाने आम्हीही आहोत. पण अडचण दुसरीकडे आहे. त्रिपिटकातही हा शब्द आहे, पालीत 'नत्थिक'. मज्झिम निकायातल्या अपण्णक सुत्तात नत्थिकवाद कशाला म्हटले आहे? दानाला अर्थ नाही, चांगल्या-वाईट कर्माला फळ नाही, असे म्हणणाऱ्या मताला. अजित केसकंबलाचे मत ते हेच. (चार्वाकांचे ग्रंथ नष्ट झाले आणि त्यांच्याविषयीची बहुतेक माहिती विरोधकांच्या तोंडूनच येते, म्हणून त्यांच्या नावावर ही सगळी मते टाकायला आम्ही तयार नाही.) बुद्धाने नत्थिकवाद मिथ्यादृष्टी मानला. म्हणजे आमच्या धम्माच्या भाषेत नत्थिक तो, जो म्हणतो की कसेही वागा, काही फरक पडत नाही. देव नाकारणारा नव्हे, तर नीती नाकारणारा. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ईश्वर बाजूला काढला आणि ती जागा रिकामी ठेवली नाही. तिथे नीती बसवली. आजीला 'नास्तिक' शब्द टोचतो तो यामुळे. तिने सुत्त वाचलेले नाही, पण पंचशील पाठ आहे.

मग आमचा शब्द कोणता? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काढून पाहा. त्यात 'नास्तिक' कुठेही नाही. पहिल्या तीन प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, असे आहे. 'नाही' असे नव्हे, 'मानणार नाही'. हा आहे-नाहीचा वाद नाही. मान देण्याचा, न देण्याचा प्रश्न आहे. आकाशात कोणी आहे की नाही, याची पंचाईत पंडितांनी करावी. माझ्या मानेवर कोणाची सत्ता चालेल, एवढे त्या दिवशी लाखो माणसांनी एका क्रियापदात सांगून टाकले. दारातल्या मुलाने वर्गणीवाल्यांना दिलेले पहिले उत्तर, "मानत नाही", हे तिसऱ्या प्रतिज्ञेचेच उत्तर होते. त्याने तिथेच थांबायला हवे होते.

काही वाचक विचारतात, रोजच्या बुद्धवंदनेत देवांचा आणि माणसांचा शास्ता असा उल्लेख येतो, तो कसा? त्रिपिटकातले देव जग निर्माण करत नाहीत, जन्म-मरणातून सुटलेले नाहीत आणि शिकायला बुद्धाकडे येतात. शिष्याची पूजा कोण करतो? 'भगवान' शब्दालाही काहीजण बिचकतात. राग, द्वेष, मोह ज्याने भग्न केले तो भगवान, असे विसुद्धिमग्गात त्याचे विवरण आहे. ते ठाऊक असेल तर खुशाल म्हणावे. मात्र त्याच बुद्धाच्या मूर्तीपुढे नवस बोलायचा, बाबासाहेबांच्या तसबिरीला आरती ओवाळायची आणि बाहेर 'आम्ही देव मानत नाही' म्हणायचे, हा प्रकार आमच्याही घरांत वाढतो आहे. त्याला कोणता शब्द लावावा, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही.

हा सगळा काथ्याकूट आज करण्याचे कारण जनगणना. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धांची नोंद सुमारे 84 लाख होती, त्यातले 65 लाख महाराष्ट्रातले. धर्माच्या जागी नास्तिक म्हणून नोंदले गेलेले सुमारे 33 हजार, तेही 'इतर' धर्ममतांच्या यादीत. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराची नोंद तिथे होता कामा नये. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, ही भीती 1990 च्या दुरुस्तीनंतर निराधार आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात तेव्हापासून बौद्धांचा समावेश आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मुलगा कॉलेजात असला तरी चालेल. आजी घरी असावी.