खड्डा कोण उपसणार?

गाव स्वच्छ झालंय म्हणे. वेशीवर कमान, कमानीवर पाटी, पाटीवर ठळक अक्षरांत 'हागणदारीमुक्त गाव'. एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं, अख्खा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाला. पुढं दीड वर्षानं, २ ऑक्टोबर २०१९ ला, अख्खा ग्रामीण भारत. मग २०२० साली स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा आला: बांधलेले संडास वापरात ठेवा, ओला-सुका कचरा वेगळा करा, सांडपाणी मुरवा. आणि हे सगळं टिकवायचं कशाच्या जोरावर? तर लोकसहभागाच्या.

लोकसहभाग! तोंडात गुळासारखा विरघळणारा शब्द. साहेब कार्यशाळेत बोलतो, सरपंच भाषणात बोलतो, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. आम्ही या शब्दाला उभं करून एवढंच विचारतो, की बाबा रे, तू लोक म्हणतोस ते कोण? आणि त्यातला कोण कशात सहभागी?

कारण गावाच्या स्वच्छतेत आमचा सहभाग आजचा थोडाच आहे! चावडी झाडायला कोण होतं? गोठ्यात ढोर मेलं की "पाठव रे दोघं जण" असा निरोप कुणाच्या दाराशी यायचा? मेलेलं ढोर ओढणं, वेस झाडणं, सरकारी पाहुण्याच्या घोड्यापुढं पळणं, सरणाची लाकडं फोडणं, हे सगळं आमच्या आज्या-पणज्यांनी केलं. शिळ्या भाकरीवर केलं. गाव त्याला बलुतं म्हणायचं, इंग्रज सरकारनं १८७४ च्या कायद्यात त्याला वतन म्हटलं. वतनदार म्हणे! या वतनाचा फास सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. तो फास कायद्यानं सुटायला १९५८ साल उजाडावं लागलं. तीस वर्षं. नाव बलुतं असो, वतन असो, श्रमदान असो, फुकटात गाव साफ करणारा हात एकाच वस्तीतला असेल तर आमच्या भाषेत त्याला वेठ म्हणतात.

आता कुणी म्हणेल, हे पोरगे जुनी मढी उकरतात. ठीक आहे, आजचंच बोलू. संडासाच्या खड्ड्यात उतरून बोलू.

सरकार खेड्यात संडासाची जी पद्धत सांगतं ती दोन शोषखड्ड्यांची. दोन गोल खड्डे, साधारण मीटरभर रुंदीचे, जाळी सोडून बांधलेल्या विटांचे, तळाला सिमेंट नाही. एका वेळी एकच खड्डा चालू. पाणी जमिनीत मुरतं, मैला तळाशी बसतो. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा चार-पाच वर्षं पुरतो. तो भरला की तोंड फिरवून दुसरा चालू करायचा आणि पहिला बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. तेवढ्यात त्याची माती होते. वास नाही, किडा नाही. फावड्यानं काढावी आणि शेतात टाकावी. आपल्या भाषेत त्याला मोठा सुंदर शब्द आहे: सोनखत. म्हणजे हा संडासच असा आहे की त्याला भंगी लागत नाही. ज्याचा खड्डा त्यानंच उपसावा, त्याच्याच शेताला खत व्हावं.

मग गावात जाऊन बघा, बांधलंय काय? बारा हजारांचं अनुदान घेतलं, पदरचे तीस-चाळीस हजार घातले, आणि ऐपतवाल्यानं खोलीएवढी टाकी खोदली. गाव तिला 'सेफ्टी टँक' म्हणतं. मालक छाती फुगवून सांगतो, "दोन पिढ्या भरायची न्हाई." का रे बाबा एवढी मोठी? तिथं खरं बाहेर पडतं. भरली तर उपसायची कुणी, या धास्तीनं. जे स्वतःच्याच पोटातून आलं, जमिनीत पडून ज्याची माती झाली, त्याला हात लावला तर जात बुडते! गुरांचं शेण चालतं, त्यानं अंगण सारवतात, गोमूत्र पितात. माणसाच्या विष्ठेची माती मात्र चालत नाही, कारण ती उपसणारा हात जन्मानं ठरलेला आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय.

हे आम्ही रागानं बोलतोय असं वाटत असेल तर अभ्यासकांचं ऐका. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या दोघांनी सहकाऱ्यांबरोबर २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणातली खेडी पालथी घातली. ज्या घरात चालू संडास होता, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त घरांतलं निदान एक माणूस तरी उघड्यावरच जात होतं. पाणी नाही, पैसा नाही, शिक्षण नाही ही नेहमीची कारणं त्यांनी तपासली, आणि पुरी पडत नाहीत म्हणून बाजूला केली. शेवटी हाताला लागली ती शिवाशिव आणि खड्डा भरण्याची भीती. साता समुद्रापलीकडून माणसं येऊन सांगतात तेव्हा ते संशोधन होतं. आपली आजी हेच सांगत होती तर ती कुरकुर होती.

सवर्णांतल्या कुणाला हे कळलंच नाही असं आम्ही म्हणणार नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. ब्राह्मणाचा माणूस. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम मागितलं, ते मिळावं म्हणून अन्न सोडलं. पुढं कणकवलीला गोपुरीत बसून खत देणारे साधे संडास तयार केले, मेलेली जनावरं सोलली. भंग्याचं काम आदर्श आहे असं त्याला पटवण्यापेक्षा त्याचं कामच संपवावं, हे त्या माणसाला उमगलं होतं. गांधींचा नि आमचा झगडा वेगळा, तो बाबासाहेबांनी लिहून ठेवलाय. पण अप्पासाहेबांचा हात खरोखर मैल्यात होता, हे नाकारायला आमची जीभ वळत नाही. अभियानाच्या पाटीवर गांधींचा चष्मा आला. अप्पासाहेबांचं फावडं कुठं गेलं?

गाडगेबाबांचंही तेच केलं. बाबा गावात शिरले की आधी स्वतः खराटा घ्यायचे, मग रात्री कीर्तन. स्वतः. परटाच्या घरातला माणूस, वर्णाची उतरंड त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. बाबासाहेब गेले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, बाबा गेले. सरकारनं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. खोटं कशाला बोला, त्या अभियानात कैक गावं खरोखर हलली, गटारं झाली, उकिरडे उठले, बाया-बापड्या रस्त्यावर उतरल्या. पण तपासणी समिती येण्याच्या आदल्या रात्री गाव झाडणं वेगळं आणि बक्षीस मिळाल्यावर दहा वर्षं झाडत राहणं वेगळं. बक्षिसाचा फोटो निघाला की सरपंच खराटा खाली ठेवतो. तो खाली ठेवलेला खराटा उद्या सकाळी कुणाच्या हातात दिसतो, ते बघा.

२०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि सुकलेलं खत हातानं काढून दाखवलं. चांगली गोष्ट केली. आमचं म्हणणं एवढंच की सचिवाला हे करून दाखवावं लागतं आणि त्याची बातमी होते, यातच रोग दिसतो. आमच्या माणसानं काढलं तर कधी बातमी होते? तो टाकीत गुदमरून मेला तर, ती पण आतल्या पानावर.

इथं कायदा नीट समजून घ्या, दोस्तांनो, कारण तो आपल्या कामाचा आहे. २०१३ चा हातानं मैला उचलण्याविरुद्धचा कायदा म्हणतो, पूर्ण कुजण्याआधीचा मैला माणसाच्या हातानं उचलायला लावणं हा गुन्हा. दोन वर्षं बंद ठेवलेल्या शोषखड्ड्यातली माती त्यात येत नाही, ती मालकानं खुशाल काढावी. पण एकाच खड्ड्याचा संडास, किंवा ती दोन पिढ्यांची टाकी? त्यात कायम ओला मैला असतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस तिच्यात उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि यात ग्रामपंचायतही सुटत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरणाऱ्याच्या वारसांची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. जिवाची किंमत वाढली. जीव वाचला का, ते सांगा.

आकडा बघायचाय? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत ग्रामीण भारतात मैला उचलणारी १,८०,६५७ कुटुंबं नोंदली गेली. सगळ्यात जास्त कुठं? फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात: ६३,७१३. पुढं २०१३ आणि २०१८ च्या पाहण्यांत अख्ख्या देशात ५८,०९८ माणसं सापडली, महाराष्ट्रात ६,३२५. मोजायची रीत बदलली, रकाने बदलले, माणसं कागदावरून उडाली. ज्यांची जात नोंदली गेली त्या ४३,७९७ पैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे. तरी म्हणायचं, स्वच्छतेचा नि जातीचा संबंध जोडू नका!

आणि लाज वाटायला लावण्याची ती पद्धत. पहाटे गुडमॉर्निंग पथक येणार, टमरेल घेऊन बसलेल्याचा फोटो काढणार, गुलाबाचं फूल देणार, शिट्ट्या मारणार. बंगल्यातला माणूस या पथकाला कधी सापडतो? सापडते ती ज्यांना घराखालची जागाच स्वतःच्या नावावर नाही अशी वस्ती. जागा नाही तर संडास कुठं बांधणार, आकाशात? २५ सप्टेंबर २०१९ ला मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात, भावखेडी गावात, दहा-बारा वर्षांची दोन दलित पोरं पहाटे रस्त्याकडेला बसली म्हणून काठ्यांनी मारून टाकली. गाव कागदावर हागणदारीमुक्त होतं. पोरांच्या घरी संडास नव्हता. आठवड्यानं साबरमतीच्या काठावर अख्खा देश हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

कचऱ्याचं काही वेगळं नाही. आता खेड्यातला कचरा म्हणजे पालापाचोळा राहिला नाही. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, लेकरांचे डायपर, बायकांचे पॅड, औषधाच्या बाटल्या. ग्रामपंचायत घंटागाडी घेते, शेड बांधायला जागा शोधते. बऱ्याच गावांत आपली वस्ती पूर्वेला, उताराला. वारा पश्चिमेचा, पाणी उताराचं. म्हणजे गावाचा वास आणि गावाचं गटार ही दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच वाट्याला. आता शेडसाठीही बोट तिकडंच वळतं, नाहीतर गायरानाकडं. मग त्या गायरानावर कुणी भूमिहीन वीस-तीस वर्षं ज्वारी पिकवत का असेना. गाडीवर चढणारा, हातानं डायपर वेगळं करणारा कोण? त्याला हातमोजे आहेत का? पगार किती? त्याच्या पगारातला सरकारी हिस्सा गावाच्या पट्टीवसुलीशी बांधला. म्हणजे पाटलानं घरपट्टी थकवायची आणि झाडूवाल्याची चूल थंड. याला म्हणतात सहभाग.

पैसा नाही असं मात्र कुणी सांगू नये. १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत पंचायतींना दिलेल्या निधीतला तीस टक्के हिस्सा स्वच्छतेसाठीच बांधून दिला, तेवढाच पाण्यासाठी. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च व्हायला हवेत. ते गेले कुठं? कमानीत गेले का?

सहभाग काढून घेतला की काय होतं ते २०१६ च्या जुलैत गुजरातनं बघितलं. उनाला मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरं गाडीत घालून थेट कलेक्टर कचेरीपुढं टाकली. तुमची आई, तुम्ही बघा. गावोगाव ढोरं पडून राहिली, वास सुटला, आणि एवढी वर्षं कोण काय करत होतं हे आठ दिवसांत साऱ्यांना कळलं. महाडच्या परिषदेत १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं तेव्हापासूनची ही वाट आहे. पण एक ध्यानात ठेवा. महाराच्या हातून पडलेला खराटा मांगाच्या, मेहतराच्या, नाहीतर परप्रांतातून आलेल्या कुणा गरिबाच्या हातात गेला, तर गावाचं काही बिघडत नाही. त्याला दुसरा नोकर मिळाला.

गाव स्वच्छ राहावं हे आपल्याला गावाहून जास्त हवंय. कॉलरा, कावीळ, जुलाब आधी आपल्याच वस्तीत येतात. म्हणून ग्रामसभेत बसायचं, मागं चपलांजवळ नाही, पुढं. २ ऑक्टोबरच्या सभेत सरपंच हार घालून उठतील, स्वच्छतेची शपथ वाचतील. शपथ होऊ द्या. मग उभं राहून विचारा: गावात दोन खड्ड्यांचे संडास किती, एका खड्ड्याचे किती, टाक्या किती? एका खड्ड्याला दुसरा जोडायला किती घरांना पैसे दिले? गेल्या वर्षात टाकी उपसायला यंत्राची गाडी आली होती का, की माणूस उतरवला? यंत्रानं उपसलेला मैला कुठल्या ओढ्यात ओतला? सफाई कामगाराचा पगार किती महिने थकला? कचऱ्याच्या शेडची जागा कुणाला विचारून ठरली? उत्तरं कार्यवृत्तात लिहून घ्या, सही झाल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट. माणूस टाकीत उतरवलेला आढळला तर २०१३ च्या कायद्याखाली आणि अॅट्रॉसिटीखाली फिर्याद, त्याच दिवशी.

आणि सरपंच म्हणाले, "अरे, हे काम सगळ्यांनी मिळून करायचंय," तर टाळ्या वाजवा. मग त्यांच्याच वाड्यामागचा खड्डा कधी भरला आणि कुणी उपसला, तेवढं विचारून खाली बसा.