फुफ्फुसातले जंतू मारून ‘आयपीएफ’ थांबतो का?

निरोगी फुफ्फुस निर्जंतुक असते, हा समज जनुकीय चाचण्यांनी मोडीत काढला. तिथेही जंतूंची विरळ वस्ती असते आणि रोगप्रतिकारशक्ती तिच्यावर नजर ठेवते.

‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ अर्थात ‘आयपीएफ’मध्ये फुफ्फुसावर व्रण साचून ते कडक होते, दम लागू लागतो. २०१४ मधील ब्रिटिश अभ्यासात या रुग्णांच्या फुफ्फुसात जंतू इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. ज्यांच्यात ते अधिक, त्यांचा आजार वेगाने बळावला.

मग जंतू मारले तर? ब्रिटनमध्ये ३४२ आणि अमेरिकेत ५१३ रुग्णांवर प्रतिजैविकांच्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही.

प्रतिकारशक्ती दाबली तर? स्टिरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन असलेल्या उपचाराने मृत्यू वाढल्याचे २०१२ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले. तो उपचार मध्येच थांबवावा लागला.

याचा अर्थ जंतू निर्दोष आहेत, असा नाही. जंतुविरहित वातावरणात वाढवलेले उंदीर फुफ्फुसाला इजा झाल्यावरही अधिक तगले. पण जंतू आणि प्रतिकारशक्ती यांचा समतोल सरसकट मारा करून सावरत नाही. कोणता जंतू, कोणत्या रुग्णात, कधी उपद्रवी ठरतो, याचा शोध घेणेच शहाणपणाचे.

पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे आजाराचा वेग कमी करतात. झालेले व्रण पुसत नाहीत. म्हणूनच लवकर निदान मोलाचे. कोरडा खोकला आणि दम आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर दुकानातून परस्पर प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड घेऊ नयेत, छातीरोगतज्ज्ञांना गाठावे.