नाव टिकले, नायक बदलला



भागीदारीची पेढी भांडवल आटल्याने बुडते, तशीच ती हिशेब झाकल्यानेही मोडते. बँकेच्या सेवेत भागीदारीची कागदपत्रे हाताळताना हे वारंवार जाणवले. याचे एक बोलके उदाहरण मात्र व्यापारात नव्हे, तर अमेरिकेतील जॅझ संगीताच्या इतिहासात आढळते.

एल्मर स्नोडेन यांचा जन्म 1900 साली बाल्टिमोर येथे झाला. त्यांचे वाद्य बँजो. आपल्या मिरवणुकीत वाजतो तो कळांचा बेंजो हा नव्हे. गोल चौकटीवर कातडे ताणून तारा लावलेले हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून अमेरिकेत रुजले. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळी कर्ण्यांच्या गजरातही बँजोचा टणत्कार स्पष्ट ऐकू येई. म्हणून वाद्यवृंदाची लय सांभाळण्याचे काम त्याच्याकडे असे.

1923 साली स्नोडेन ‘वॉशिंग्टोनियन्स’ हा आपला वाद्यवृंद घेऊन न्यूयॉर्कला गेले. तेथे पियानोवादकाची गरज पडली, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनहून ड्यूक एलिंग्टन या तरुणास बोलावून घेतले. ब्रॉडवेवरील हॉलिवूड क्लबमध्ये वृंदाचा जम बसला. पण लवकरच पैशांवरून वाद उद्भवला. क्लबकडून मिळणारी रक्कम स्नोडेन आपल्याला पूर्ण सांगत नाहीत, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. 1924 मध्ये त्यांना वृंद सोडावा लागला आणि नेतृत्व एलिंग्टन यांच्याकडे आले. त्याच वृंदातून पुढे एलिंग्टन यांचा जगद्विख्यात वाद्यवृंद उभा राहिला आणि 1974 साली निधन होईपर्यंत ते त्याचे नायक राहिले. जणू पेढी तीच राहिली. गादीवर दुसरा बसला.

स्नोडेन यांच्या गुणांविषयी शंका नव्हती. माणसे पारखण्याची त्यांची दृष्टी विलक्षण होती. काउंट बेसी, बेनी कार्टर, रॉय एल्ड्रिज यांसारखे पुढे नामांकित झालेले कलावंत त्यांच्या वृंदांत वाजवून गेले. एके काळी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाने एकाच वेळी पाच वाद्यवृंद चालत. पण पुढे वादकांच्या संघटनेशी वितुष्ट आले आणि ते फिलाडेल्फियास जाऊन संगीत शिकवू लागले. 1959 साली ते तेथील एका वाहनतळावर काम करताना एका नभोवाणी निवेदकास आढळले. त्या निवेदकाच्या प्रयत्नाने साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्या वादनाचे पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. 1973 साली त्यांचे निधन झाले.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील अचौर्य म्हणजे केवळ परक्याच्या तिजोरीला हात न लावणे नव्हे. सहकाऱ्याचा वाटा त्याच्यापासून लपविणे हेही अदत्तादानच. स्नोडेन यांच्या बाबतीत तक्रार कितपत खरी होती, याचा निवाडा आज करण्याचे कारण नाही. उघडी वही सर्वांसमोर असती, तर खरी वा खोटी, शंकेला जागाच उरली नसती. विशेष हे की, अशी वही नायकाचेही रक्षण करते; निर्दोष असल्यास तो बोलण्याने नव्हे, आकड्यांनी सिद्ध होतो.

भावाभावांच्या आणि काका-पुतण्यांच्या पेढ्यांत ‘घरच्या माणसाला काय हिशेब दाखवायचा?’ असे प्रेमानेच म्हटले जाते. परंतु दाखवायचा, तो घरच्या माणसालाच आधी. दिवाळीस आपण वहीपूजन करतो. त्या दिवशी जुनी वही बंद करण्यापूर्वी ती सर्व भागीदारांनी मिळून एकदा वाचावी, एवढीच विनंती.