गाभण कुत्रीचा खुराक

संपादक महाशय,


गाभण कुत्रीस पहिल्या दिवसापासून दुप्पट खुराक व कॅल्शियमची पूड द्यावी, ही गतांकातील पत्रलेखकांची शिफारस सद्हेतूची असली तरी ग्राह्य नव्हे. सुमारे ६३ दिवसांच्या गर्भावधीत पिलांची खरी वाढ अखेरच्या तीन आठवड्यांत होत असल्याने, तोवर नेहमीचा सकस आहार पुरेसा असून, पुढे तो क्रमाने सव्वा ते दीडपट करावा आणि गर्भाशयाचा जठरावर दाब पडत असल्याकारणाने थोडा थोडा, चार वेळांत विभागून द्यावा. नुसत्या दूधभाकरीत प्रथिनांची उणीव राहते. उकडलेली अंडी व मांस यांची तजवीज हवी. पूड अकारण चारल्यास हाडांतील कॅल्शियम रक्तात आणण्याची शरीराची स्वाभाविक व्यवस्था मंदावते, आणि व्याल्यावर, पिले लुचत असताना, धाप लागून पाय ताठरण्याचा व झटके येण्याचा धोका उलट वाढतो. सबब, पुडीचा खर्च अंड्यांकडे वर्ग करावा.

आपला नम्र,
एक श्वानपालक